आंधळ्या राजाचे डोळे

वासुदेव मास्तरांच्या हातून इतके पुढारी घडले होते की पुढाऱ्याचं नाक दिसलं की त्यांना जांभई यायची. खरेखुरे पुढारी नव्हेत हो, सिमेंटचे. देवळी, पुलगाव, सिंदी, कुठल्याही शाळेच्या आवारात जा, कोपऱ्यात मास्तरांनी केलेला एखादा उभा सापडायचाच. छातीपर्यंतचा, अर्धा. तीच हनुवटी, तेच खांदे, टोपी असेल तर टोपी, चष्मा असेल तर तारेचा चष्मा. ड्रॉइंग मास्तरची नोकरी सांभाळून पंचवीस वर्षं त्यांनी हा धंदा केला, आणि आता छप्पन्नाव्या वर्षी हात नुसते सवयीने चालत होते. "नाक जरा मोठं करा मास्तर, साहेबांचं भारदस्त होतं," असं कोणी म्हटलं की मास्तर मुकाट्याने मोठं करत. लहान करा म्हटलं की लहान करत. वाद घालायला अंगात जोर लागतो, तो कुठून आणायचा?

म्हणून १९८६च्या जानेवारीत बाबारावांचं बोलावणं आलं, तेव्हा पायात चपला सरकवत मास्तर बायकोला एवढंच म्हणाले, "घे, आनखी एक नाक आलं."

"जा मुकाट्यानं," प्रमिलाबाई म्हणाल्या. "आन तिथं तोंड पाडून बसू नका."

बाबाराव कोण हे त्या भागात कोणाला सांगावं लागत नसे, तुम्हाला सांगतो. कापसाचं जिनिंग त्यांचं, रस्त्यावरचं कॉलेज त्यांचं, चार समित्यांत खुर्च्या त्यांच्या. दहा वर्षांपूर्वी आणीबाणीत ते पंचायत समितीचे सभापती होते, मग एकदा आपटले, मग पुन्हा निवडून आले. आपटले त्या वर्षीही लोक त्यांच्याच ओट्यावर बसून, त्यांचाच चहा पिऊन त्यांना नावं ठेवत. माणूस बोलायला गोड. नुकतेच ते परदेशाची वारी करून आले होते. तिकडे कापूस कसा पिकवतात ते पाहायला दहा-बारा शेतकरी पुढाऱ्यांची टोळी ग्रीस देशात गेली होती, तीत हे. ग्रीसमध्ये कापूस होतो हे मास्तरांना त्या दिवशीच कळलं.

"बसा मास्तर, च्या घ्या," बाबारावांनी पोस्टकार्डांचा गठ्ठा त्यांच्यापुढे टाकला. "हे पाहा. चौकाचौकात पुतळे. पांढरेफटक! आन अंगावर कपडा आहे का नाई, याची कोनाले पर्वा नाई. आपल्या कॉलेजापुढं असा एक पाह्यजे मले. पण पुढारी नको बापा, पुढारी लय झाले. राजा करा. तिकडचाच राजा. पाव्हना आला की त्यानं इचारलं पाह्यजे, हे कोन हो?"

मास्तरांनी तोंडाशी नेलेला कप बशीत ठेवला. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा कोणी त्यांच्याकडे नाकाखेरीज काही मागत होतं.

"एक राजा आहे माझ्या ओळखीचा," ते म्हणाले.

ओळख जुनी होती. नागपूरला चित्रकलेचा कोर्स करत असताना एका कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये जुनं ग्रीक नाटक बसवलं होतं, आणि राजवाड्याच्या पायऱ्या रंगवायला यांना नेलं होतं. तीन दिवस ते विंगेत उभे राहून तेच नाटक पाहत राहिले. राजाचं नाव त्यांच्या जिभेला कधी वळलं नाही, पण गोष्ट डोक्यात घट्ट बसली. एका नगरावर मोठं संकट येतं. परगावाहून आलेला एक तरुण अक्कलहुशारीने ते टाळतो, लोक त्याला राजा करतात. वर्षं जातात. मग नगरात रोगराई सुरू होते, पिकं जळतात, बायकांची कूस उजवत नाही. देवाचा कौल येतो की तुमच्यात एक पापी दडला आहे, त्याला शोधा. राजा भर चौकात शपथ घेतो, मी त्याला शोधून काढीन, मग तो कोणी का असेना. आणि शोधता शोधता शेवटी कळतं की तो पापी राजा स्वतःच आहे. नकळत बापाला मारून बसलेला, आणि त्याहूनही वाईट करून बसलेला. तेव्हा तो आपल्याच हाताने आपले डोळे फोडून घेतो.

बाबारावांना मास्तरांनी शपथेपर्यंतच सांगितलं.

"वा!" बाबारावांनी मांडीवर थाप मारली. "रयतेसाठी शपथ घेनारा राजा. एकदम फस क्लास! आपल्यासारखाच झाला की तो. पुढं का झालं त्याचं?"

"पुढचं उद्घाटनाच्या दिवशी सांगतो," मास्तर म्हणाले. घरी येताना त्यांची चाल इतकी झपाझप होती की प्रमिलाबाईंना वाटलं, यांना कुत्रं लागलं मागे.

आता मास्तरांच्या मनात काय होतं ते सरळ सांगून टाकतो. त्यांना बाबारावांच्या कॉलेजापुढे, बाबारावांच्याच सिमेंटचा, डोळे फुटलेला राजा उभा करायचा होता. आणि उद्घाटनाला सगळं गाव जमलं की गोष्टीचा उरलेला अर्धा भाग माइकवरून सांगायचा होता, बाबारावांच्या तोंडाकडे पाहत. का, तर कवडूसाठी.

कवडू मास्तरांचा हाताखालचा माणूस. जिनिंगमध्ये हंगामी काम करायचा, आणि एरवी मास्तरांकडे माती तुडवणं, सळ्या वाकवणं, सिमेंट कालवणं. छत्तीस वर्षांचा, उंच, कमी बोलणारा. त्याला मूलबाळ नव्हतं. बायको अनुसया दोन वर्षांमागे काविळीने गेली, आणि आता तो एकटाच भाकर थापून खायचा. ज्या घरात तीन-चार पोरं दंगा करत असती, तिथे संध्याकाळी एक माणूस चुलीपुढे बसलेला असायचा. आणि हे देवाने केलेलं नव्हतं. आणीबाणीत नसबंदीची शिबिरं भरली, बाबाराव सभापती म्हणून रोज जीपमधून फिरत आणि प्रत्येक शाळेत जाऊन शिक्षकांना दम भरत, तेव्हा लग्नाला तीन वर्षं झालेल्या, पहिलं मूल पोटातच गमावलेल्या कवडूला टेबलावर घेतलं होतं. मास्तर दहा वर्षं हेच म्हणत आले होते, की बाबारावांनी कवडूचं घर बुडवलं.

पुतळ्याचं काम जिनिंगच्या रिकाम्या शेडात सुरू झालं. पायापासून डोक्यापर्यंत साडेआठ फूट. आत सळ्यांचा सांगाडा, त्यावर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जाळी, त्यावर सिमेंट, आणि वरून संगमरवराची भुकटी घातलेलं पांढरं सिमेंट. शेजारच्या शेडात यंत्रं चालू होती, हवेत रुईचं तूस उडायचं आणि ओल्या सिमेंटवर चिकटायचं. दर दोन तासांनी राजाच्या अंगावर लव उगवे आणि कवडू ओल्या फडक्याने ती पुसत बसे.

"राजाची दाढी केली जी," तो म्हणे, आणि मास्तर हसत. खरंच हसत! प्रमिलाबाईंनी डबा घेऊन येताना एकदा ते पाहिलं आणि त्या दारातच थबकल्या. घरी परतल्यावर त्यांनी देवापुढे साखर ठेवली.

महिन्याभरात चेहरा आला. रुंद कपाळ, किंचित उघडं तोंड, आणि डोळ्यांच्या जागी दोन खोबणी. मास्तरांनी त्या अंगठ्याने दाबून केल्या, हत्यार लावलं नाही.

दुसऱ्या दिवशी कवडूने विचारलं, "डोळे कवा उघडाचे?"

मास्तरांचे वडील डोमाजी गणपती आणि गौरी करत, आणि कवडू लहानपणापासून त्यांच्या ओसरीवर बसलेला. त्या घराची रीत त्याला ठाऊक होती. सगळी मूर्ती रंगवून झाली की डोळे शेवटी, सकाळी, उपाशीपोटी. तोवर मूर्ती माती, डोळे उघडले की देव. बिनडोळ्याची मूर्ती त्या मुलखात कोणी घरात घेणार नाही, चौकात बसवणार नाही.

"याले डोळे नाईत," मास्तर म्हणाले. "यानं आपल्या हातानं फोडले." आणि त्यांनी त्याला सगळी गोष्ट सांगितली, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

कवडू फडकं पिळत ऐकत होता. मग म्हणाला, "पण मास्तर, त्याले मालूम नोतं ना?"

"नाई."

"मालूम नसताना झालं तं मंग त्याचा कसूर कायचा? मालूम असून करनारे बिनघोर झोपतेत. ह्या बिचाऱ्यानं उगाच डोळे फोडले."

मास्तर उठून बाहेर गेले. पाण्याच्या हौदाशी उभं राहून त्यांनी तोंडावर पाणी मारलं, आणि तिथेच कडेला बसले. कवडूला वाटलं, ऊन लागलं असेल.

ऊन नव्हतं. सांगतो. मास्तर दहा वर्षं बाबारावांचं नाव घेत आले ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. शिबिराच्या वेळी प्रत्येक मास्तराला नसबंदीच्या केसेस, म्हणजे माणसं, आणायचा हुकूम होता. स्वतः मास्तरांची नसबंदी झाली होती, ती मोजून घेतली. एक म्हातारा मिळाला. शेवटचा दिवस उजाडला तरी एक कमी पडत होती, आणि नाही आणली तर सिरोंच्याला बदली असं बजावून ठेवलेलं. जंगलात, घरापासून दीड दिवसाच्या वाटेवर, आणि प्रमिलाबाईंचं तेव्हा पोटाचं ऑपरेशन झालेलं. मास्तरांपुढे शेवटची ओळ कोरी असलेली यादी होती आणि ओसरीवर कवडू माती तुडवत होता. दुसरं काही कारण नाही. समोर होता, आणि मास्तरांना नाही म्हणणारा नव्हता. मास्तरांनी त्याला सांगितलं, "कवडू, तुझं नाव वरून आलं आहे. बाबारावांच्या यादीत आहे. माझ्या हातात काही नाही." कवडूने पाय धुतले आणि निमूट त्यांच्यामागे चालू लागला. शिबिरातल्या फॉर्मवर एक रकाना होता, हयात मुलं किती. शून्य लिहिलं असतं तर डॉक्टरने परत पाठवला असता. मास्तरांनी आपल्या वळणदार अक्षरात दोन लिहिलं. खाली कवडूचा अंगठा.

माणूस स्वतःला काय काय समजावू शकतो! हुकूम बाबारावांचा होता, जीप बाबारावांची होती, भीती बाबारावांनी घातलेली होती. हे सगळं घोकत मास्तरांनी ते 'दोन' इतकं खोल पुरलं होतं की अनुसयाच्या मयतीला खांदा देतानाही ते वर आलं नाही. आणि आज एका अडाणी माणसाने फडकं पिळता पिळता ते उकरून हातात ठेवलं. मास्तरांना इतकं थकल्यासारखं झालं की हौदावरून उठवेना.

त्या रात्री त्यांनी पोळीचा तुकडा तेवढा मोडला. प्रमिलाबाई म्हणाल्या, "काय झालं? परवापर्यंत तं बरे होता."

"मी त्या बाबारावले भर सभेत सांगनार आहो," मास्तर म्हणाले. "राजाच पापी निंगाला म्हनून."

"सांगा. पण मंग आपल्या जिवाले का खाऊन राह्यला तुमी?"

मास्तर ताट सारून उठले. मनाशी ठरवलं की उद्घाटनाच्या दिवशी आधी बाबारावांचं सांगायचं, आणि मग आपलं. त्याच माइकवर, कवडूच्या देखत. राजाने शपथ मोडली नाही, आपणही मोडायची नाही. ठरवल्यावर त्यांना बरं वाटलं, दोन-चार दिवस तरी.

उद्घाटन गुढीपाडव्याला ठरलं. तोवर पुतळा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून कॉलेजापुढच्या चौथऱ्यावर गेला, आणि मास्तरांनी त्याला ओल्या बारदानात गुंडाळून ठेवलं. कवडू सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचा. एका संध्याकाळी कॉलेजचे प्राचार्य बघायला आले. मास्तर तेव्हा घरी होते. प्राचार्यांनी डोक्यावरचं बारदान उचलून पाहिलं, दोन खोबणी दिसल्या, आणि त्यांनी समाधानाने मान हलवली. त्यांच्या जागी तुम्ही-आम्ही असतो तरी तेच केलं असतं. डोळे राहिलेत म्हणजे शेवटी उघडायचे आहेत, आणि सगळं झाल्यावर पाडव्याच्या मुहूर्तावर ते कोणाच्या हातून उघडायचे, हे काय विचारायला हवं? प्राचार्यांनी भटजींना निरोप धाडला, चांदीची वाटी मागवली, रंगाच्या दुकानातून काळ्या रंगाचा डबा आणि नवा कुंचला आणवला. मास्तरांना यातलं कोणीच काही बोललं नाही. त्यांनाच तर माहीत असणार, असं प्रत्येकाने धरलं.

पाडव्याला सकाळी नऊलाच ऊन तापलं होतं. मांडव, सनई, पोरींचं स्वागतगीत, हार. मास्तर धुतलेल्या सदऱ्यात शेवटच्या खुर्चीवर बसले होते आणि खिशातला कागद पुन्हा पुन्हा चाचपत होते. प्राचार्यांनी त्यांना दोन मिनिटं देऊ केली होती, पण भाषणं लांबली आणि त्यांचं नाव गळालं. मग बाबाराव उठले, दोरी ओढली, बारदान खाली पडलं. लोक "ओहो" म्हणाले. पांढरा राजा उन्हात इतका झळकत होता की पुढच्या रांगेतल्या बायांनी पदर डोळ्यांवर घेतला.

मग सनई पुन्हा वाजली. भटजी चांदीची वाटी घेऊन पुढे आले. मागून कवडू खांद्यावर शिडी घेऊन आला. प्राचार्यांनी त्याला सकाळीच सांगून ठेवलं होतं. त्याने शिडी राजाच्या छातीला टेकवली आणि खालून दोन्ही हातांनी धरली. त्याने एकदा मास्तरांकडे पाहिलं. म्हणजे तुम्ही मन बदललं का, असं त्याला विचारायचं होतं.

"आता माननीय बाबारावजींच्या शुभहस्ते मूर्तीचे डोळे उघडले जातील!" प्राचार्य माइकवर म्हणाले.

मास्तर खुर्चीवरून उठले ते सरळ चौथऱ्यापाशी गेले. कसे गेले ते त्यांनाही कळलं नाही. "थांबा!" ते ओरडले. "याला डोळे नाहीत. डोळे उघडायचे नाहीत याचे!"

सनई बंद पडली. बाबाराव दुसऱ्या पायरीवर होते, हातात कुंचला. ते रागावले नाहीत. ते कधी लोकांपुढे रागवत नसत. "काऊन नाईत मास्तर?" त्यांनी गोड आवाजात विचारलं. "हो, तुमी मले अर्धीच गोष्ट सांगतली होती. पुढचं आज सांगनार होता ना? सांगा. लोकायलेबी ऐकू द्या." आणि माइकवाल्याला खूण केली.

माइक मास्तरांच्या तोंडापुढे आला. यापेक्षा चांगली वेळ कोणी मागून घेतली असती का? कागद काढायचीही गरज नव्हती.

"गावावर संकट आलं होतं," मास्तर म्हणाले. भोंग्यातून स्वतःचा आवाज ऐकून ते दचकले. "माणसं मरत होती. बायांना लेकरं होत नव्हती. राजानं शपथ घेतली की ज्याच्या पापानं हे झालं त्याला शोधून काढीन."

"सापडला का मंग?"

"सापडला."

"कोन निंगाला?"

मास्तरांनी बाबारावांकडे पाहिलं. खाली शिडी धरलेल्या कवडूकडे पाहिलं. कवडूला उत्तर माहीत होतं, आणि तो मांडवातल्या सगळ्यांहून वेगळी वाट पाहत होता. एका शब्दाचं काम होतं. राजा. तेवढं म्हणायचं आणि मग पुढचं, मी. पण पुढच्या रांगेत फौजदार बसला होता, शेजारी शाळेचे हेडमास्तर बसले होते, रिटायर व्हायला दीड वर्ष राहिलं होतं, आणि तीच जुनी भीती, दहा वर्षांपूर्वी त्या कोऱ्या ओळीपुढे वाटली होती ती, पुन्हा आली.

"राजाच्या हाताखालचा एक माणूस," मास्तर म्हणाले.

मांडवातून सुटका झाल्यासारखा आवाज निघाला. बाबाराव शिडीवरून खळखळून हसले. "ऐका! ऐका लोकहो! हे असंच असते. राजा बिचारा रयतेसाठी मरून राह्यला, आन हाताखालचे लोक घान करून ठेवतेत. आनीबानीत बी मंग का झालं? हुकूम चांगले होते. खालच्यायनं गडबड केली, आन शिव्या कोनी खाल्ल्या? आमी!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांच्या घरात त्या शिबिरांनी पोरं होऊ दिली नव्हती, त्यांनीही वाजवल्या. "मंग राजानं डोळे काऊन फोडाचे? त्याचा कसूर तं नाई. आपल्या गावात तो डोळस राहीन!"

बाबाराव वर चढले, त्यांनी कुंचला बुडवला आणि राजाच्या खोबणींत दोन काळे गोल काढले. एक मोठा झाला, दुसऱ्याचा ओघळ गालावर आला. भटजींनी अक्षता टाकल्या. कवडूने शिडी घट्ट धरून ठेवली होती.

मास्तर परत खुर्चीवर येऊन बसले. कोणीतरी त्यांना पेढा दिला. त्यांनी तो खाल्ला. राग आला नाही, रडू आलं नाही, एवढंच वाटलं की आता घरी जाऊन आडवं व्हावं आणि कोणी उठवू नये. पण घरी जायलाही उठावं लागतं. लोक पांगले, मांडव सोडवायला लागले, तरी ते तिथेच होते.

कवडू शिडी उतरवून दोर गुंडाळत होता. तो जवळ आला.

"मास्तर, तुमी मले सांगतली ते गोष्ट अलग होती."

"हो."

"आज काऊन बदलली?"

मास्तर त्याच्याकडे पाहू शकले नाहीत. चौथऱ्याच्या फरशीकडे पाहत ते म्हणाले, "बदलली नाई रे. माझी सांगतली. कवडू, तुझं नाव वरून आलं नव्हतं. यादीतली शेवटची ओळ कोरी होती. मी लिहिलं."

कवडूचे हात थांबले नाहीत. दोराचा एक वेढा, दुसरा वेढा.

"आन दोन लेकरं बी मीच लिहिली," मास्तर म्हणाले. "तू घरी परत आला असता. म्या येऊ देल्लं नाई."

"मालूम आहे जी."

मास्तरांनी मान वर केली.

"शिबिरातून कागद देल्ला होता ना मले, सर्टिफिकिट," कवडू म्हणाला. "अनुसया चौथी शिकली होती. त्याच दिवशी वाचला तिनं. दोन लेकरं, आन खाली आननारा म्हनून तुमची सही. मंग मी जिनिंगातल्या बाबूले इचारलं, यादी वरून येते का? तो म्हने, नाई, मास्तर लोक भरतेत."

"दहा वर्षं?" मास्तर म्हणाले. "दहा वर्षं तुले मालूम होतं? मंग माझ्याकडं काऊन येत राह्यला? बोलला काऊन नाई?"

"अनुसया बोलू देये नाई. म्हने, मास्तर वाईट मानूस नाई, भेला असन. आपल्या तोंडानं सांगतीन एक दिवस. आपुन इचारलं तं त्यायले तोंड दाखवता येनार नाई. सनावाराले तुमच्या घरी येये ना ते, तवा वाटे तिले, आज सांगतीन. परत आली का मी इचारो, सांगतलं? म्हने, नाई, पुढच्या खेपी."

मास्तरांना आठवलं. अनुसया दारात बसायची, प्रमिलाबाईंशी बोलायची, आणि उठताना उगीच थोडी रेंगाळायची. "येतो मास्तर," म्हणायची आणि तरी उभी राहायची. त्यांना वाटायचं, ज्वारी-बिवारी हवी असेल. ते प्रमिलाबाईंना हाक मारून पायली भरून द्यायला सांगत.

"मले माफ कर, कवडू," ते म्हणाले. दोन्ही हात जोडले.

कवडूने दोर खांद्यावर टाकला. त्याच्या तोंडावर राग नव्हता, मास्तरांना तो असता तर बरं वाटलं असतं.

"मी तं कवाच केलं जी," तो म्हणाला. "पण मले सांगून का फायदा? वाट तिनं पाह्यली. सांगाचं होतं तं तिले सांगाचं होतं."

तो वाकला आणि शिडी उचलू लागला. मास्तर कसेबसे उठले आणि शिडीचं दुसरं टोक धरायला गेले.

"राहू द्या," कवडू म्हणाला. "मले एकट्याले जमते."